शिकाऱ्याची सायकल : परतीच्या वाटेचा विचार

गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. हा विद्यार्थी नोकरीच्या निमित्तानें अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांत स्थायिक झालेला आहे. पांचवींत असतांना तो माझ्याकडून पंक्चर काढावयास शिकला होता; तेवढ्या शिदोरीवर त्यानें मला सायकलींतला जाणकार ठरवून टाकलें आहे. तो लिहितो : "गुरुजी, शेजाऱ्यांच्या संगतीनें मी शिकारीला जाऊं लागलों आहें. येथें एल्क नांवाचें, आपल्या सांबराहून मोठें असें हरिण असतें. वनखात्यानें कित्येक रस्त्यांवर फाटकें लावून मोटारींना बंदी केलेली आहे. त्या फाटकांपलीकडे लोक डोंगरी सायकली घेऊन जातात. मलाही तशी सायकल घ्यावयाची आहे. ती कोणती घ्यावी आणि तिच्यावर काय काय बसवावें, हें आपण सांगावें."

मीं उभ्या जन्मांत बंदूक हातीं धरलेली नाहीं. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आणि पुढें १९९१ मध्यें झालेल्या त्याच्या दुरुस्तीनें छंदाखातर शिकार करण्याची वाट बंद झालेली आहे, आणि तें योग्यच झालें असें माझें मत आहे. तिकडची गोष्ट निराळी. तेथें हंगाम ठरलेला असतो, परवाना घ्यावा लागतो, कोणतें जनावर मारावयाचें हें सरकार नेमून देतें, आणि मारलेल्या जनावराचें खाण्याजोगें मांस वाया घालविणें हा गुन्हा समजला जातो. तेव्हां शिकार बरी कीं वाईट या वादांत न शिरतां मीं सायकलीच्या प्रश्नाचें तेवढें उत्तर लिहिलें. तेंच आज थोडें विस्तारून आपल्यापुढें ठेवीत आहें. आपल्याकडे जे लोक दुर्बीण किंवा कॅमेरा घेऊन डोंगरांत पक्षी पाहावयास जातात, त्यांनाही यांतला बराचसा भाग उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट मीं त्याला अशी लिहिली कीं, सायकल घेतांना जाण्याचा विचार करूं नकोस, परतीचा विचार कर. जातांना माणूस ताजातवाना असतो, ओझें थोडें असतें, चढ अवघड वाटला तर खालीं उतरून सायकल ढकलतां येते. परततांना अंधार पडत आलेला असतो, अंग दमलेलें असतें, सायकलीवर दुप्पट भार असतो आणि वाट उताराची असते. त्या घटकेला जी सायकल आपल्याला सुखरूप खालीं आणील तीच खरी डोंगरी सायकल. बाकीच्या नुसत्या दिसावयास डोंगरी.

हें शहाणपण मला पुस्तकांतून मिळालेलें नाहीं. १९८६ सालीं मी आंबेगांव तालुक्यांत डिंभ्याच्या वरच्या अंगाला एका शाळेवर होतों. माझी काळी, साधी, दांडीच्या ब्रेकची सायकल होती. घाट चढतांना फार दम लागे, म्हणून मीं घोडेगांवच्या मिस्त्रीकडून मागचें अठरा दांत्यांचें फ्रीव्हील काढवून बावीस दांत्यांचें बसवून घेतलें. चढ सोपा झाला, आणि त्याचा मला मोठा अभिमान वाटूं लागला. मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, ब्रेकचे रबर झिजलेत, तेही बदलूं का?" मीं म्हटलें, "पुढच्या पगाराला बघूं." ऑगस्ट महिन्यांत चाचणीच्या वह्यांचें वीस-बावीस किलोंचें पोतें कॅरिअरला बांधून मी घाट उतरत होतों. झिमझिम पाऊस होता. लोखंडी रिम ओली झाली म्हणजे रबर तिच्यावर नुसतें घसरतें, ही गोष्ट त्या दिवशीं मला कळली. दुसऱ्या वळणावर सायकल माझ्या हातीं राहिली नाहीं. दरीच्या बाजूला जाण्यापेक्षां बरें म्हणून मीं ती डोंगराच्या अंगच्या गटारांत घातली. गळ्याजवळचें हाड मोडलें, वह्या भिजल्या, आणि सहा आठवडे डाव्या हातानें फळ्यावर लिहावें लागलें. चढाची सोय केली, उताराची केली नाहीं. त्याचें तें फळ.

आणि नवल असें कीं, डोंगरी सायकलीचा जन्मच मुळीं अशाच एका उतारावर झालेला आहे. १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील मरीन परगण्यांत कांहीं तरुण मंडळी जाड टायरांच्या जुन्या, वजनदार सायकली घेऊन टॅमलपायस पर्वताच्या परिसरांतील कच्च्या रस्त्यांवरून वेगानें खालीं येत. १९७६ पासून ते एका ठराविक उतारावर शर्यती लावूं लागले. लांबी दोन मैलांच्या आसपास, पण उतार सुमारें चारशें मीटरांचा. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यांत असे आणि पायडल उलटें दाबलें कीं तो लागे. एका उतरणींत तो इतका तापे कीं आंतलें ग्रीस जळून त्याचा धूर होई, आणि शर्यत संपली कीं तुंबा उघडून नवें ग्रीस भरावें लागे. पुन्हां ग्रीस भरण्याला इंग्रजींत 'रिपॅक' म्हणतात, आणि त्या शर्यतीचें नांवही तेंच पडलें. त्याच मंडळींतील जो ब्रीझ यांनीं १९७७ मध्यें खास या कामासाठीं सायकलीचा सांगाडा तयार केला, आणि पुढें चार-पांच वर्षांत अशा सायकली कारखान्यांतून निघूं लागल्या.

ग्रीसचा धूर कां व्हावा, हें पाहण्यासाठीं एक सोपें गणित करूं. माणूस, सायकल आणि ओझें मिळून १२० किलो वजन धरा. तें ३०० मीटर खालीं उतरलें तर १२० गुणिले ९.८ गुणिले ३००, म्हणजे सुमारें साडेतीन लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एक लिटर थंड पाणी उकळीला आणावयास साधारण इतकीच ऊर्जा लागते. खडकाळ वाटेनें सावकाश उतरतांना हवेचा अडथळा फारसा नसतो. म्हणून ही ऊर्जा बहुतेक सगळी ब्रेकलाच जिरवावी लागते. भर वाढला कीं उष्णता त्याच प्रमाणांत वाढते. म्हणून मीं त्याला लिहिलें कीं, पैसे मोजके असतील तर पहिला पैसा ब्रेकवर खर्च कर. दोन्ही चाकांना चकतीचे, म्हणजे डिस्क ब्रेक असावेत, तेही तेलाच्या दाबानें चालणारे. चकती मोठी असावी : १६० मिलिमीटरांची एकट्या माणसाला ठीक आहे, पण ओझ्याच्या सायकलीला १८० किंवा २०३ मिलिमीटरांची बरी. उतरतांना ब्रेक सतत घासत ठेवूं नये. थोडा जोरानें दाबावा, वेग कमी करावा, सोडावा, आणि चकतीला निवण्यास वेळ द्यावा. ब्रेकच्या पट्ट्यांची एक जोडी नेहमीं जवळ बाळगावी.

ब्रेकच्याही आधीं एक गोष्ट पाहावयाची, ती म्हणजे माप. दुकानांत सायकलीच्या आडव्या दांडीवर दोन्ही पाय टेकून उभें राहावें. दांडी आणि आपलें अंग यांत निदान चार बोटें अंतर राहिलें पाहिजे. डोंगरांत एकाएकीं पाय टेकावा लागतो, आणि पाठीमागें ओझें असलें तर सायकल कलंडण्यास क्षण पुरतो. सीटवर बसून टांच पायडलावर ठेवली असतां पाय सरळ व्हावा, म्हणजे पंजानें चालवितांना गुडघा किंचित् वांकलेला राहतो. मोठ्या मापाची सायकल स्वस्तांत मिळते म्हणून घेऊं नये. मोठा जोडा स्वस्त मिळाला म्हणून कोणी घालीत नाहीं.

सांगाडा लोखंडी पोलादाचा किंवा अॅल्युमिनियमचा असावा आणि त्याला कॅरिअर बसविण्याचीं भोकें मुळांतच असावींत. पुढच्या फाट्याला धक्के शोषणारी योजना असली तर हातांना आराम पडतो. मागच्या चाकालाही तशी योजना असलेल्या सायकली महाग असतात आणि त्यांना भक्कम कॅरिअर बसविणें कठीण जातें. शिकाऱ्याला ती चैन नको. चाक २९ इंचांचें असलें तर दगडांवरून सहज जातें; माणूस बुटका असेल तर साडेसत्तावीस इंची बरें. प्रत्येक चाकाला निदान ३२ आरे असावेत, कारण ओझ्याखालीं प्रथम आरेच तुटतात.

टायर रुंद घ्यावेत, अडीच इंचांच्या जवळपास. चार इंचांचे जाड टायर बर्फावर आणि रेतींत उत्तम चालतात, परंतु कठीण रस्त्यावर ते जड जातात. रुंद टायरांत हवा कमी ठेवावयाची असते : मागें तीस पौंडांच्या आसपास, पुढें त्याहून थोडी कमी. टणक फुगवलेलें चाक दगडावरून उडतें. किंचित् मऊ चाक दगडाला धरून जातें. पंक्चरविषयीं लिहितांना मला एक गंमत कळली. कोलोरॅडोंत सायकलवाले ज्या कांट्याला सर्वांत भितात, त्याला ते 'बकऱ्याचें डोकें' म्हणतात. ती वनस्पती म्हणजे आपल्या शेताच्या बांधावरचा सराटाच. माझ्या विद्यार्थ्याला लहानपणीं पंक्चर काढावयास ज्यानें शिकविलें, तोच सराटा तिकडेही त्याची वाट पाहत होता! त्यावर आतां ट्यूब नसलेल्या टायरांत पातळ चिकट द्रव घालतात. कांटा शिरला कीं द्रव त्या भोकांत घट्ट होऊन बसतो. तरीही एक ट्यूब, हवेचा पंप, ठिगळें आणि टायर काढण्याच्या पट्ट्या जवळ असाव्यातच, कारण धारदार दगडानें पडलेली चीर द्रवानें बुजत नाहीं.

आतां गिअर. पुढें ४४ आणि मागें १८ दांते असलेल्या साध्या सायकलीच्या पायडलाची एक फेरी झाली कीं ती सुमारें साडेपांच मीटर पुढें जाते. डोंगरी सायकलीला पुढें ३० आणि मागें मोठ्यांत मोठी चकती ५० दांत्यांची असली, तर त्याच एका फेरींत ती दीड मीटरही सरकत नाहीं. वेग माणसाच्या चालीएवढा, पण जोर चौपटीच्या जवळ. एल्कचा मुलूख समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटर उंचीच्या आसपास आहे. आपलें कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे तिच्या जवळजवळ दुप्पट. तेथें हवा विरळ असल्यानें दम लवकर लागतो, म्हणून हा शेवटचा हलका गिअर असलाच पाहिजे. पुढें एकच चकती असलेली रचना चांगली. बिघडण्यासारखें तितकें कमी.

ओझ्याविषयीं एकच नियम : जितकें खालीं तितकें बरें. पाठीवरची जड पिशवी माणसाचा तोल वर नेते, आणि उतारावर ती त्याला हँडलवरून पुढें फेंकूं पाहते. चांगल्या कॅरिअरवर, दोन्ही बाजूंस लोंबणाऱ्या पिशव्यांत मिळून पंचवीस किलो नेतां येतात. त्याहून अधिक न्यावयाचें असल्यास एका चाकाची लहान गाडी मागें जोडतात. ती जमिनीलगत असते आणि अरुंद वाटेनेंही जाते. तिच्यावर तीस किलोंच्या वर भार घालूं नये, आणि ब्रेक लावतांना ती मागून ढकलते हें विसरूं नये. मांस कापडी पिशव्यांत बांधून न्यावें. त्याची चरबी ब्रेकच्या चकतीवर ठिबकली तर ब्रेक निकामी होतो. म्हणून चकतीच्या बाजूची पिशवी खालून मेणकापडानें झांकावी.

बंदूक भरलेली ठेवून सायकलीवर बसूं नये. सायकल केव्हां घसरेल याचा नेम नाहीं, आणि बंदुकीला अपघात कळत नाहीं. गोळी काढून, नळी मोकळी आहे हें डोळ्यांनीं पाहून, मग ती म्यानांत घालून सायकलीला घट्ट बांधावी. कोलोरॅडोंत बंदुकीच्या हंगामांत अंगावर आणि डोक्यावर भडक नारिंगी किंवा गुलाबी रंगाचें वस्त्र घालावें लागतें. मीं त्याला लिहिलें कीं, परततांना मांसाच्या पिशव्यांवर आणि शिंगांवरही तसेंच फडकें बांध; संध्याकाळच्या अंधुक उजेडांत झाडींतून हलणारीं शिंगें पाहून दुसऱ्या शिकाऱ्यानें काय समजावें?

सायकलीचा मोठा गुण म्हणजे ती आवाज करीत नाहीं. परंतु हा गुण आपोआप येत नाहीं. फ्रीव्हीलची टिकटिक, सांगाड्यावर आपटणारी साखळी, खुळखुळणारी पाण्याची बाटली, हें सारें हरणाला दुरून ऐकूं जातें. साखळीजवळच्या दांडीवर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी, हत्यारें फडक्यांत बांधावींत, आणि उतारावरही पायडल हलक्या हातीं फिरवीत राहावें, म्हणजे टिकटिक थांबते. शेवटचा पल्ला पायींच जावयाचा.

दिवे दोन असावेत, एक सायकलीला आणि एक डोक्याला. थंडीनें विजेऱ्यांचा जोर कमी होतो, म्हणून जादा विजेरी अंगाजवळच्या खिशांत ठेवावी. साखळी जोडण्याचें हत्यार, षट्कोनी पान्यांचा जुडगा आणि जखमेचें सामान हीं बरोबर हवींत. डोंगरांत टेलिफोन लागेलच असें नाहीं, म्हणून कागदी नकाशाही हवा. त्या नकाशावर एक गोष्ट पाहावयाची : अमेरिकेंतील कांहीं वनें १९६४ च्या कायद्यान्वयें मुद्दाम निर्मनुष्य राखलेलीं आहेत, तेथें मोटारच काय, सायकलही नेतां येत नाहीं. वीजमोटारीच्या सायकलींचा हल्लीं शिकाऱ्यांत बराच प्रसार झाला आहे. परंतु तेथील राष्ट्रीय वनखातें त्यांना मोटारवाहनांतच गणतें, तेव्हां मोटारींना बंद असलेलें फाटक बहुधा त्यांनाही बंदच. शिवाय परतीच्या वाटेवर वीज संपली तर तें पंचवीस-तीस किलोंचें धूड ढकलीत आणावें लागतें.

आणि आतां शेवटचा, माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा हिशेब. मोठा नर एल्क तीनशें किलोंच्या घरांत असतो. हाडांवेगळें केलेलें मांस ९० किलो झालें असें समजा. एका खेपेस ३० किलो, म्हणजे खेपा तीन. जनावर फाटकापासून १० किलोमीटरांवर पडलें, तर पहिली खेप बाहेर आणावयास १०, परत जावयास १०, दुसरी १०, पुन्हां परत १०, तिसरी १०. एकूण ५० किलोमीटर, त्यांतले ३० भरल्या ओझ्यानें. दमलेल्या माणसाला हें एका रात्रींत होत नाहीं, आणि ऊन पडलें कीं मांस बिघडूं लागतें. पायीं जाणारा शिकारी दमतो, म्हणून फार लांब जात नाहीं. त्याचे पायच त्याला मर्यादा घालतात. सायकल ती मर्यादा पुसून टाकते. ती आपल्याला अशा ठिकाणीं सहज नेऊन सोडते, कीं जेथून परत येणें सहज नसतें. म्हणून मर्यादा घरीं बसून, कागदावर, गणित करून ठरवावी, आणि ती ओलांडल्यावर समोर कितीही मोठें जनावर आलें तरी बंदूक उचलूं नये. जें आपल्याला आणतां येणार नाहीं, तें मारण्याचा आपल्याला अधिकार नाहीं. बंदूक न धरलेल्या मास्तरानें हें सांगावें, याबद्दल मीं पत्रांत क्षमा मागितली होती.

दिवाळीनंतर त्याचें उत्तर आलें. त्यानें जुनी पण मापाची सायकल घेतली होती, आणि वांचलेल्या पैशांतून मोठ्या चकतीचे नवे ब्रेक बसवून घेतले होते. आपली मर्यादा त्यानें सहा किलोमीटर ठरविली होती. हंगामाच्या तिसऱ्या दिवशीं तो वाट पाहत पाहत नऊ किलोमीटरांवर गेला आणि तेथें संध्याकाळीं एक मोठा नर त्याच्या समोर, बंदुकीच्या टप्प्यांत, स्वस्थ चरत उभा राहिला. तो लिहितो : "गुरुजी, मीं मनांत पाचा नव्वें पंचेचाळीस केलें, आणि बंदूक खालीं ठेवली. त्याला अंधार पडेपर्यंत पाहत बसलों. मग दिवा लावून उतरलों. वाटेंत बर्फाळ पाऊस लागला, पण ब्रेक धरले." त्या वर्षीं तो रिकाम्या हातांनीं घरीं आला.

माझ्या हिशेबीं तो रिकाम्या हातांनीं आला नाहीं. श्रोतेहो, आपल्यापैकीं कोणी शेकरूं पाहावयास भीमाशंकरच्या वाटेला सायकल घालणार असेल, तर त्यानें वनखात्याचे नियम आधीं विचारून घ्यावेत, आणि निघण्यापूर्वीं ब्रेकचे रबर पाहावेत. पुढच्या पगाराची वाट पाहूं नये.